पाठ फिरवलेला रस्ता

आश्विन लागला की बोर्डाच्या रस्त्यावर मुरूम पडतो. पावसानं चार महिने धुऊन नेलेली तांबडी माती बिगारी टोपल्यांनी परत आणून ओततात, मागून बैलजोड्या दगडी रूळ ओढत जातात, आणि हातखंब्याकडून रत्नागिरीत येणारा रस्ता आठ दिवसांत पुन्हा रस्त्यासारखा दिसू लागतो. सड्यावरचं गवत वाळायला लागलेलं असतं. हळवं भात कापून शेतात पसरलेलं असतं. त्याचा ओलसर, किंचित गोड वास रस्त्यापर्यंत येतो. दुपारी कातळ असा तापतो की ऊन वरून येतंय की खालून, ते कळत नाही.

लोक या दिवसांना दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणतात. मी त्यांना शर्यतीचे दिवस म्हणतो. असं म्हणणारा या गावात आता मी एकटाच उरलो आहे. काल संध्याकाळी नव्या मुरुमावर एका सायकलीच्या चाकाची रेघ उमटलेली पाहिली. कोणी शाळामास्तर गेला असेल. रेघ वाकडी होती, खड्डे चुकवत, भीतभीत गेलेली. कासमची रेघ सरळ असे. तरीही मी त्या वाकड्या रेघेच्या कडेकडेनं कुवारबावाच्या चढापर्यंत चालत गेलो आणि तिथं उगाच उभा राहिलो. कोणी येणार नव्हतं. येण्यासारखं कोणी उरलेलंही नाही.

कासम राजिवड्याचा, रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यातला. त्याच्या घरात सगळे दर्यावर्दी. बाप तांडेल, थोरले दोघे भाऊ विलायती बोटींवर कोळसा घालणारे. याला मात्र मचव्यात पाय ठेवला की पोटात ढवळे. "माज्या पोटात दर्या मावत नाय," असं तो हसत सांगे. मोहल्ल्यातली पोरं त्याला 'सुका बोंबील' म्हणत. दर्यावर्द्याच्या घरात पाणी न सोसणारा मुलगा निपजला, तर त्यानं जायचं कुठं? तो मुंबईला गेला आणि एका सायकलीच्या दुकानात चिठ्ठ्या पोचवायला लागला. ते दुकान विलायती सायकलींचं एजंट. एकदा मालकानं त्याला चिठ्ठी घेऊन ठाण्यापलीकडे पाठवलं आणि तो इतक्या लवकर परत आला की मालकाला वाटलं, हा गेलाच नाही. त्या दिवसापासून त्याला शर्यतीची सायकल मिळाली, महिन्याचा पगार मिळाला आणि छातीवर इंग्रजी अक्षरांत दुकानाचं नाव असलेली बंडी मिळाली.

मुंबईत हौशी सायकलवाल्यांचे वेगळे क्लब असत. त्यांत डॉक्टरांची आणि सॉलिसिटरांची मुलं. पगार घेऊन पाय चालवणाऱ्याला ते आपल्या ओळीत उभं करत नसत. कासमसारख्यांच्या शर्यती निराळ्या, दुकानादुकानांमधल्या, लांबच्या रस्त्यांवरच्या. तो मुंबई-पुणे जिंकला तेव्हा दुकानदारानं हार आणला. तो हार सायकलीला घातला आणि सायकल काचेच्या कपाटात ठेवली. कासमनं हे मला सांगितलं तेव्हा माझं डोकं भडकलं. तो म्हणाला, "अरे, गळा तिचा पातळ, हार तिलाच शोभतो."

पावसाळ्यात आगबोटी बंद, मुंबईतले रस्ते पाण्यात, शर्यती थांबलेल्या. म्हणून ज्येष्ठात तो घरी येई आणि आश्विन संपेपर्यंत राही. भादव्यात रस्ता थोडा सुकला की त्याचा सराव सुरू होई. उजाडता उजाडता तो निघे. रत्नागिरी, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि परत. गुडघ्यांना उंडीचं तेल चोळलेलं असे. त्या कडवट वासानं तो यायच्या आधी कळे. त्याच्या सायकलीला पाय न फिरवता नुसतं बसून राहायची सोयच नव्हती. चाक फिरेल तितका वेळ पाय फिरलाच पाहिजे, उतारावरसुद्धा. दोन जादा टायर तो खांद्यावरून तिरके, एकावर एक असे घाली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मला म्हणाला, "बघ, माजी पन मुंज झाली. तुज्या एका दोऱ्याला माजे दोन."

मी त्या वेळी वीस वर्षांचा होतो आणि आमचं घर सरकारविरुद्धच्या पत्रकांवर चालत होतं. चालत होतं म्हणजे पोट भरत होतं असं नव्हे. बोलणं, भांडण, जेवणाची वेळ सगळं त्यांच्यावर ठरे. मामाला एका पत्रकापायी शाळेतून काढलं होतं. त्यानं मला वाचायला शिकवलं ते त्याच पत्रकाच्या उरलेल्या प्रतींवर. इतर मुलं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'धिक्कार' वाचत होतो. सत्याग्रहाच्या वर्षी मामा तुरुंगात गेला आणि आमच्या आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोपटीतलं सायक्लोस्टाइल यंत्र माझ्या ताब्यात आलं. मी लिहीत असे, मीच रूळ फिरवत असे. बोटांची शाई आमसुलानं घासली तरी जात नसे. ती गेली नाही याचा मला अभिमान वाटे.

छापलेलं पोचवायचं कोणी? गावातल्या प्रत्येक खादीवाल्यावर पोलिसांचा डोळा होता. विलायती सायकलीवर, विलायती दुकानाची बंडी घालून जाणाऱ्या पगारी सायकलवाल्यावर कोणाचा संशय जाणार? कासम गठ्ठा पोटाशी बांधे, वर बंडी घाली आणि निघे. पालीला एक, नाणजेला एक, साखरप्याला एक. मोबदला कधी मागितला नाही. एकदा मी विचारलं, "हे का करतोस?" तो म्हणाला, "वाटेतच हाय ना." मी त्या उत्तरावर नाराज झालो होतो. मला काहीतरी देशाबद्दल ऐकायचं होतं.

त्या आश्विनात कोल्हापूर ते रत्नागिरी शर्यत ठरली. कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या सायकलवाल्या दुकानदारांनी मिळून ठरवली होती. कासम तेव्हा तिशीला आला होता. त्याच्या दुकानानं नवा एक पारशी मुलगा हेरून ठेवला होता. मालकानं स्वच्छ कळवलं होतं: ही शर्यत जिंकलास तर आणखी तीन वर्षं तू आमचा, हरलास तर सायकल जमा कर. कासमनं मला हे कुवारबावाच्या चढावर, टायर बदलता बदलता सांगितलं. "आंबा घाट माजा हाय," तो म्हणाला. "घाटाखाली तर माजंच घर. कोल्हापूरवाले काय करतील?" मग टायर चढवत म्हणाला, "नायतर मग बोट. भाऊ म्हनतो, खाली भट्टीपाशी कोलसा घालताना दर्या दिसत पन नाय. पन हलतो तर तितकाच ना?"

मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात निराळंच चाललं होतं. आम्ही कापडाच्या दुकानांपुढे उभे राहत होतो, बायकांच्या हातातल्या विलायती बांगड्यांवरून वाद घालत होतो, आणि विलायती एजंटाचं नाव छातीवर मिरवत एक माणूस आमच्याच गावात वाजतगाजत येणार? तो माझा मित्र आहे म्हणून मी गप्प बसायचं? हाच तर तत्त्वाचा प्रश्न, असं मला वाटलं. मित्राच्या बाबतीत जो डगमगतो त्याची तत्त्वं कसली! मी पत्रक लिहिलं. दोन प्रहर बसून लिहिलं. फार चांगलं उतरलं होतं.

आणि मी ते त्याला वाचून दाखवलं. पाठीमागून वार करणारा मी नव्हतो, हे मला सिद्ध करायचं होतं. सकाळी तो नेहमीसारखा खोपटीत आला, तेव्हा मी म्हणालो, "आजचं तुझ्याबद्दल आहे." तो आंब्याच्या पेटीवर टेकला आणि गूळ-शेंगदाणे खात ऐकू लागला.

"शेवटची ओळ परत वाच," तो म्हणाला.

"'परक्यांची पाटी छातीवर लावून येणाऱ्या अशा माणसाला पाहताच प्रत्येक स्वाभिमानी माणसानं पाठ फिरवावी.'"

"बरी जमलीय. नाव बरोबर घातलंस ना? मागच्या खेपेस त्या वकिलाचा नाव चुकवला होतास."

"कासम, मी थट्टा करत नाही."

"मी तरी कुठं करतो? दे गठ्ठा."

"तू नेणार?"

"मग कोन नेनार? तुजा मामा तर आत हाय. मना आज साखरप्यापर्यंत जायचाच हाय. इतका लांब काय रिकामा जाऊ?" त्यानं गठ्ठा पोटाशी बांधला, बंडी खाली ओढली आणि दारातून वळून म्हणाला, "पत्रकवाल्या, लोक मना वळखतात रे. सात वरसं बघतायत. कागद वाचतील नि चुलीत घालतील."

मला वाटलं, माझ्या तत्त्वाचा जय झाला. त्यालासुद्धा ते पटलं. त्या दिवशी मी मोठ्या आनंदात जेवलो.

शर्यतीच्या दिवशी मी पालीला जाऊन उभा राहिलो. बाजाराचा दिवस होता. पिंपळाखाली गावकीचा प्रमुख, म्हातारा गावकर बसला होता. त्यानं मला हाक मारली.

"भाऊ, तुमच्या कागदापरमानं सगला बंदोबस्त झाला बरं. काल देवलात गावकी बसली. नाणजेकरांनी तर इहिरीवरचा पोहरासुद्धा काडून ठेवलाय."

"पोहरा कशाला? मी पाणी बंद करा असं लिहिलं नव्हतं."

"मग कसा करायचा तो?" म्हातारा खरंच गोंधळला. "मानसाकडं पाठ करायची म्हंजे त्याला वालीत टाकायचा. पानी बंद, इस्तू बंद, तंबाकू बंद. आमी काय आज करतोय? आज्यापासून चालत आलाय."

मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मी कोकणातच वाढलो. गावकीनं एखादं घर वाळीत टाकलं की काय होतं, ते मी लहानपणी पाहिलं होतं. चुलीला विस्तव मागायला गेलेली बाई रिकाम्या हातानं परत येताना पाहिली होती. कापडाच्या गठ्ठ्यावर बहिष्कार कसा घालायचा हे गावांना आम्ही शिकवलं, पण माणसावर कसा घालायचा हे त्यांना आमच्याकडून शिकायचं नव्हतं. मी तेव्हाही उठून म्हणू शकलो असतो, "पाणी द्या." मी म्हणालो नाही. पत्रकाचा परिणाम झाला होता. माझ्या पत्रकाचा परिणाम झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तो पहिला आला. मागे धूळसुद्धा दिसत नव्हती, इतका पुढे. साखरप्यापासून त्याची कथलाची बाटली रिकामी झालेली असणार, कारण दर वेळी तो ती नाणजेच्या विहिरीवर भरून घेई आणि आज तिथं पोहराच नव्हता. उन्हानं आणि लाल धुळीनं त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. तो पिंपळापाशी थांबला, एक पाय जमिनीवर टेकला.

"वयनी, पानी गो," तो एका बाईला म्हणाला. तिच्या डोक्यावर भरलेली कळशी होती. ती थबकली. मग गावकराकडे पाहून वळली आणि चालू लागली. कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. मग एकेक करून सगळा बाजार वळला. नारळवाला वळला, चहावाला वळला. लहान मुलांनाही धरून वळवलं. आणि मीही वळलो.

 माझ्या मागं त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "पत्रकवाल्या, पाठीवर शिवन उसवलीय रे. घरी सांग शिवायला."

कोणीतरी फिसकन हसलं. नंतर मुरुमावरून चाकं गेल्याचा आवाज झाला.

थोड्या वेळानं कोल्हापूरचे दोघे आले. त्यांच्यासाठी चहावाल्यानं कोकमाचं सरबत केलं होतं. "पावनं, दमानं घ्या," गावकर म्हणाला. ते दोघे पोटभर प्याले, बाटल्या भरून घेतल्या, टोप्या भिजवल्या. त्यांच्या सायकलीही विलायतीच होत्या. त्यांच्या छातीवरही इंग्रजी अक्षरं होती. पण पत्रकात त्यांचं नाव नव्हतं. मी हे पाहत उभा होतो. हातखंब्याच्या चढावर त्यांनी त्याला गाठलं. तो तिसरा आला.

मी आजही म्हणतो, बहिष्कार बरोबर होता. विलायती कापड जळताना पाहिलं तेव्हा मला जे वाटलं ते खोटं नव्हतं. पण कलेक्टरच्या मोटारीकडे आम्ही पाठ फिरवली नाही. ज्या यंत्रावर मी पत्रक काढलं त्याच्या पायावर परदेशातल्या कारखान्याचं नाव होतं. ते मी रोज फडक्यानं पुसत असे. एवढ्या मोठ्या साम्राज्यातून आम्ही पाठ फिरवायला निवडला तो सायकलवरचा एकटा माणूस, कारण तो हाताशी होता आणि उलटून काही करू शकत नव्हता. तो मुसलमान नसता, राजिवड्याचा नसता, तर गावक्या एका रात्रीत इतक्या एकमतानं बसल्या असत्या का? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता विचारतो, आणि उत्तर मला आवडत नाही.

त्या शर्यतीला सहा वर्षं झाली. मामा सुटून आला आणि आता थकला. माझ्याबरोबर पिकेटिंगला उभे राहिलेले कोणी कारकून झाले, कोणी वकिलीला लागले. त्यांच्यापैकी एकालाही ती शर्यत आठवत नाही. "कोण कासम?" असं विचारतात, आणि मी सांगत नाही. कासमनं त्या दिवाळीनंतरच्या बोटीनं मुंबई गाठली, सायकल जमा केली आणि भावाच्या ओळखीनं विलायती बोटीवर खाली भट्टीपाशी लागला. त्याची आई बंदरावर मासळी घ्यायला येते. एकदा धीर करून मी विचारलं, "खुशाली कळते का?" ती म्हणाली, "कलते. उलट्या करतो नि कोलसा घालतो." तिनं ते रागानंही म्हटलं नाही. एवढं बोलून ती भाव करायला वळली.

पण हेही मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे की गावकीनं केलं, म्हाताऱ्यानं केलं, दुकानदारानं केलं. शर्यत संपली आणि मग जे झालं त्यात मात्र दुसरं कोणी नव्हतं.

शर्यतीनंतर आठ दिवसांनी कासम आमच्या अंगणात आला. भर दुपार होती, पडवीत मी एकटा लिहीत बसलो होतो. त्याच्या ओठांवरच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. आईनं आतून विचारलं, "पाणी घेतोस का रे?"

"आता नको, मावशी. आता तहान नाय."

त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. दुकानदाराचं होतं, इंग्रजीत. घाटाखाली पहिला असलेला माणूस तिसरा कसा येतो, याचा खुलासा त्यानं मागितला होता. पाय गेले असतील तर तसं सांग. कोल्हापूरवाल्यांकडून काही घेतलं असशील तर तेही आम्हाला कळेलच. मी वाचून अर्थ सांगितला.

"दोन ओळी लिवून दे इंग्रजीत," कासम म्हणाला. "लिव की वाटेत पानी मिलाला नाय. बास. मालक घाटातला ऊन जानतो. त्याला कललं तर तो मना ठेवील."

"त्या दुकानाला मी पत्र लिहिणार नाही."

"तू नको लिवू. मी लिवतो असं लिव. सही माजी."

"अक्षर माझंच ना? ज्याच्यावर बहिष्कार घाला म्हणून मी लोकांना सांगितलं, त्यालाच मी अर्ज लिहू?"

त्यानं कार्ड माझ्या हातातून परत घेतलं. त्याला माझा राग आला असावा असं मी समजलो, पण ते तसं नव्हतं. तो काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

"बरोबर हाय," तो शेवटी म्हणाला. "मना वाटला तू भिशील. म्हनून सांगाया आलो होतो, पानी का मिलाला नाय ते लिवू नको. तुज्या अक्षरातला कागद उद्या पोलिसांच्या हातात गेला तर तुजा नाव निघेल."

त्यानं कार्ड परत खिशात घातलं. फाटक त्यानं हळूच लावून घेतलं, कारण आमची गाय मोकळी होती.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं. लोक म्हणतात, धारदार लिहितो. पण इंग्रजीतल्या त्या दोन ओळी मी मनात इतक्या वेळा जुळवल्या आहेत की माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्याच मला जास्त पाठ आहेत. त्या कुठं पाठवायच्या हे आता मला माहीत नाही. म्हणून इथं, मराठीत, उघड्यावर लिहितो. त्या दिवशी साखरप्यापासून रत्नागिरीपर्यंत कासमला पाणी मिळालं नाही. त्याच्या पायांत काही कमी नव्हतं. आणि पाणी का मिळालं नाही, जे त्यानं मला लिहू नको म्हणून सांगितलं होतं, तेही लिहितो: मी मिळू दिलं नाही.